उत्तन-भाईंदरच्या देवळांतली मराठी

१५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. साष्टी बेट आणि आजचा भाईंदर, उत्तन, डोंगरीचा टापू त्यांच्या अंमलाखाली गेला. पाठोपाठ फ्रान्सिस्कन पाद्री आले. शेजारी बोरिवलीत मंडपेश्वरच्या लेण्यांपाशी त्यांनी मठ उभारला. धर्मांतरामागे राजसत्तेचं बळ होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सत्तेच्या जोरावर माणूस देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणता येतो, त्याला प्रवचन समजावता येत नाही. पाद्र्याची भाषा पोर्तुगीज, उपासनेची लॅटिन आणि समोर बसलेल्या कोळ्याची, आगराच्या मजुराची उत्तर कोकणातली मराठी.

या अडचणीवरचा उपाय ओवीत सापडला. गोव्यात इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. आपल्या भागाला त्याहून जवळचं आहे ते फ्रान्सिस्क वाझ द गिमरांइश या फ्रान्सिस्कनाचं पुराण. येशूच्या दुःखभोगाची ही कथा इथल्या बोलीत रचलेली आहे आणि ती १६५९ मध्ये लिस्बनला छापली गेली. लिपी रोमन, वळण पोर्तुगीज. त्यामुळे देवनागरी न येणारा पाद्रीही ते मोठ्याने वाचू शकत होता आणि ऐकणाऱ्याला अक्षरओळखीची गरजच नव्हती. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापावं लागलं, यावरून त्याची गोडी किती टिकली होती ते कळतं. माझ्या मते या भागात बायबल पहिल्यांदा पोचवलं ते या पुराणाने.

पुढे वारा फिरला. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने देशी भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, युरोपीय पाद्री गेले आणि देशी धर्मगुरूंनी मंडळी सांभाळली. मिस्सा मात्र लॅटिनच राहिली. अमेरिकन मिशनऱ्यांच्या खटपटीने मुंबईत १८४७ पर्यंत अख्खं बायबल मराठीत आलं होतं, पण ते प्रॉटेस्टंटांचं. इथल्या कॅथलिक घरांत त्याचा शिरकाव झाला नाही.

१९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली. त्यानंतर उत्तनसारख्या गावात गावचाच माणूस पुढे उभा राहून मराठीत वाचन करू लागला. पेत्र आणि आंद्रेया जाळी सोडून येशूच्या मागे गेले, हा उतारा इथे ऐकावा. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण डोल जाळं टाकून आलेले असतात, बोंबील वलांडीवर घालून आलेले असतात. जाळं सोडणं म्हणजे घरची चूल सोडणं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. उत्तम प्रवचनकारालाही हे साधणार नाही.

बायबलची भाषा तरीही शाळेतली होती, घरातली नव्हे. वसईतल्या नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी २०१० मध्ये ‘सुबोध बायबल’ देऊन ते अंतर बरंच कमी केलं. २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा वसई खाडीच्या अलीकडच्या आम्हा लोकांनाही तो मान आपलाच वाटला.

आज मिरा रोडच्या वसाहतींत गोवा, मंगळूर, केरळहून आलेली कुटुंबं आहेत. त्यांना इंग्रजी मिस्सा सोयीची आहे, त्यात गैर काही नाही. काळजी आहे ती आपल्याच मुलांची. शाळा इंग्रजी झाली आणि मराठी वाचनाची पाळी आली की ती मागे सरकतात. चारशे वर्षांपूर्वी परक्या पाद्र्याने जी भाषा शिकून घेतली, ती घरातल्या पोराने टाकून द्यावी, हे मला मान्य नाही.

उत्तन, पाली, चौक, डोंगरीच्या तरुणांना म्हणून सांगणं आहे: आजीला जुन्या बोलीतल्या प्रार्थना आणि गाणी येत असतील तर तिच्याजवळ बसून मोबाइलवर उतरवून घ्या, आणि येत्या रविवारी मराठी वाचनासाठी आपलं नाव द्या.