मिनी कूपर : जुनी घेताना, जुनी सांभाळताना

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सात वाजता आम्ही गाडी बघायला पोचलो. मी, माझा भाचा आणि आमचे मिस्त्री. गाडी २०१३ची मिनी कूपर एस. लाल रंग, पांढरं छत, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे. भाचा तिच्याभोवती फिरून फोटो काढू लागला. मिस्त्रींनी ना रंग बघितला, ना मीटर. त्यांनी तळहात बॉनेटवर टेकवला, क्षणभर तसाच ठेवला आणि मालकांना विचारलं, "साहेब, आत्ता कुठे जाऊन आलात का?"

"नाही, तुम्ही येणार म्हणून पाच-दहा मिनिटं चालू ठेवली होती."

"मग आम्ही उद्या येतो. तोवर चालू करू नका."

भाच्याचा चेहरा पडला. पण मिस्त्रींचं बरोबर होतं. ते का, हे कळायला आधी ही गाडी समजून घ्यावी लागते.

मिनीचा जन्म टंचाईतला. १९५६मध्ये सुएझ कालव्याचा पेच उद्भवला, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि तिथल्या रस्त्यांवर बुडबुड्याच्या आकाराच्या चिमुकल्या गाड्या दिसू लागल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्यांचा मनस्वी राग होता. चार माणसं नीट बसतील अशी खरीखुरी छोटी मोटार करा, असं त्यांनी अलेक इसिगोनिस या अभियंत्याला सांगितलं. इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली घातला, चाकं अवघ्या दहा इंचांची घेतली आणि लोखंडी स्प्रिंगांच्या जागी ॲलेक्स मोल्टन यांनी बनवलेले रबराचे शंकू वापरले. जेमतेम दहा फूट लांबीच्या गाडीत ऐंशी टक्के जागा माणसं आणि सामानाच्या वाट्याला आली. २६ ऑगस्ट १९५९ला ती बाजारात आली. आपल्याकडच्या मारुती ८००चं इंजिनही आडवंच होतं आणि जोर पुढच्या चाकांनाच होता. ही मांडणी जगभरच्या छोट्या गाड्यांनी उचलली, त्यात मिनीचा वाटा फार मोठा.

शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांनी तिच्यातली चपळाई ओळखली. १९६१मध्ये त्यांच्या नावाची जास्त ताकदीची मिनी आली, आणि १९६४, १९६५ व १९६७मध्ये या चिमुकलीने मोंटे कार्लोची रॅली जिंकली. १९६६मध्येही ती पहिली आली होती, पण दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून तिला बाद केलं. ऑक्टोबर २०००मध्ये जुन्या मिनीचं उत्पादन थांबलं तोवर ५३ लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या होत्या.

तोवर मालकी बीएमडब्ल्यूकडे गेली होती. त्यांनी १९९४मध्ये रोव्हर विकत घेतली, २०००मध्ये ती विकून टाकली, पण मिनी हातची सोडली नाही. २००१मध्ये ऑक्सफर्डच्या कारखान्यातून नवी मिनी बाहेर पडली. लांबी साडेतीन मीटरच्या थोडी वर, पण दार लावलं की मोठ्या गाडीसारखा भरीव आवाज. पहिली मिनी परवडावी म्हणून लहान होती. ही लहान आहे ती चालवण्याच्या सुखासाठी. स्टिअरिंग जरा वळवलं की नाक लगेच तिकडे जातं, चारही चाकं गाडीच्या अगदी टोकांना असल्यामुळे वळणावर ती रस्त्याला धरून राहते. ताम्हिणी घाटात पावसाळा संपल्यावर, रस्ता कोरडा असताना ही गाडी एकदा चालवली की माणसं तिच्यासाठी पैसे का मोजतात ते कळतं.

भारतात मिनी २०१२मध्ये आली. शोरूममधली किंमत तेव्हा सुमारे २५ लाखांपासून होती. आज त्याच गाड्या निम्म्याहून कितीतरी खाली मिळतात, आणि इथेच घेणारा फसतो. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. नव्या मध्यम हॅचबॅकच्या पैशात जुनी मिनी दारात येईल, पण तिचा वॉटर पंप, तिचे इंजिन माउंट, तिचे ब्रेक डिस्क हे सगळं २५-३० लाखांच्या गाडीच्याच भावाने येणार. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, जेवढे पैसे हातात आहेत तेवढ्याची गाडी घेऊ नका. निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवा. तो काढता येत नसेल तर थांबा.

आपल्याकडच्या जुन्या बाजारात प्रामुख्याने दोन पिढ्या दिसतात. २०१२ ते २०१४ या काळातली दुसरी पिढी, जाणकार तिला आर५६ म्हणतात, आणि २०१४च्या अखेरीस आलेली तिसरी, एफ५६. दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी, पण इंजिनं अगदी वेगळी. आर५६चं १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन बीएमडब्ल्यूने फ्रान्सच्या प्यूजो-सित्रोएनसोबत मिळून विकसित केलं होतं. साध्या कूपरमध्ये ते १२२ अश्वशक्तीचं, टर्बोशिवाय. कूपर एसमध्ये टर्बोसकट १८४ अश्वशक्तीचं. इंजिन गोड आहे, वर चढत जातं, पण त्याला उपेक्षा सहन होत नाही.

त्या इंजिनात कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी असते. साखळी ताठ ठेवण्याचं काम टेन्शनर करतो आणि टेन्शनरला बळ मिळतं ते इंजिन ऑइलच्या दाबाने. हे इंजिन थोडं तेल पितं. मालकाने दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये तेलाची पातळी पाहिलीच नाही, तर दाब कमी पडतो, साखळी सैल होते आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आपटू लागते. साखळीने दाते ओलांडले तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. या सैल साखळीची चाहूल एकाच वेळी स्पष्ट लागते. रात्रभर थंड पडलेलं इंजिन सकाळी चालू केल्यावर, तेल वर चढेपर्यंतच्या पहिल्या दोन-चार सेकंदांत. गरम इंजिन ही गोष्ट लपवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत गेलो. बॉनेट थंडगार होतं. मिस्त्रींनी आधी डिपस्टिक काढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत काढली आणि काही न बोलता मला दाखवली. टोकाला काळा ओला ठिपका, खालच्या खुणेच्याही खाली. मग भाच्याने गाडी चालू केली. डब्यात खिळे हलवावेत तशी खडखड झाली, तीन सेकंद, आणि थांबली. भाच्याला ती ऐकूही आली नव्हती. मालकांना विचारलं तर म्हणाले, गेल्या दीड वर्षात गाडी फार चालली नाही, म्हणून ऑइल बदललं नाही. माणूस भला होता, खोटं काही बोलला नाही. कमी चाललेल्या गाडीचं तेलही खराब होतं, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही ती गाडी घेतली नाही.

कूपर एसचं आणखी एक दुखणं जाणून घेण्यासारखं आहे. तिच्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. साध्या कूपरमध्ये ते आधी इनटेक व्हॉल्व्हवरून जातं आणि जाता जाता व्हॉल्व्ह धुऊन काढतं. एसमध्ये ही धुलाई होत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हच्या मागे काजळी साचत जाते. गाडी सकाळी अडखळते, ओढ कमी होते. उपाय मोठा छान आहे. अक्रोडाच्या टणक कवचाचा बारीक भुसा हवेच्या दाबाने त्या पोकळीत मारायचा. काजळी निघते, धातूला ओरखडा उठत नाही. मी हे काम समोर उभं राहून बघितलं आहे. डांबर फासल्यासारखा काळा व्हॉल्व्ह अर्ध्या तासात शाळेच्या घंटेसारखा चमकायला लागतो.

मग भाच्याने २०१६ची, म्हणजे तिसऱ्या पिढीची कूपर एस घेतली. तिचं दोन लिटरचं १९२ अश्वशक्तीचं इंजिन बी४८ या कुळातलं, आणि त्याच कुळातली इंजिनं बीएमडब्ल्यूच्या थ्री सीरीजमध्ये, एक्स वनमध्ये आहेत. याचा फायदा थेट आपल्याला होतो. त्या गाड्या आपल्या शहरांत पुष्कळ आहेत, त्यामुळे या इंजिनात हात घातलेले कारागीर सापडतात. आर५६च्या इंजिनाला इथे असं मोठं कूळ नाही. पैसे पुरत असतील तर माझं मत तिसऱ्या पिढीच्या बाजूने आहे. साखळीची झीज तिच्यात क्वचित ऐकू येते. मात्र साखळी गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने तिथपर्यंत पोचायचं तर मोठी खोलाखोल करावी लागते, हे ध्यानात असू द्या.

गाडीपेक्षाही आम्हाला आवडली ती तिच्याबरोबर आलेली फाइल. पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसिंगची बिलं, प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर. मीटर मागे फिरवता येतो, पण आठ वर्षांच्या बिलांवरचे आकडे एका ओळीत चढत जाताना दिसले की शंका उरत नाही. तरीही मिस्त्रींनी स्कॅनर लावला, गाडी लिफ्टवर घेतली, आणि आतल्या चारही सीट बेल्टच्या पट्ट्या शेवटपर्यंत ओढून पाहिल्या. मुंबईच्या पावसात बुडालेली गाडी वरून कितीही धुतली तरी पट्टीच्या शेवटच्या वीतभर भागात मातीची रेघ राहते. कार्पेट उचलून वास घ्यावा तो निराळाच.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचं पत्र आणि फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची ना हरकत. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथून स्वस्त डिझेल मिनी इकडे येतात. इथे नोंदणी करताना रस्ता कर पुन्हा भरावा लागतो. तो आकडा आरटीओत विचारून आधी हिशेबात धरा, मग स्वस्ताई किती उरते ते बघा.

आता सांभाळण्याचं. डॅशबोर्डवरचा संगणक ऑइल बदलायची मुदत फार लांबची दाखवतो. आपली धूळ, उन्हाळा आणि सिग्नलवरची थांब-चाल पाहता भाचा दर आठ-दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा, कंपनीची मान्यता असलेलंच तेल घालतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पातळी बघतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल जन्मभर बदलावं लागत नाही असं शोरूममध्ये सांगतात. माझ्या ओळखीचे सगळे अनुभवी कारागीर ते साठ-सत्तर हजारांना बदलतात आणि मी त्यांचंच ऐकतो. कूलंटची पातळी पुन्हा पुन्हा खाली जात असेल तर नुसतं भरत बसू नये. प्लास्टिकची थर्मोस्टॅटची पेटी आणि वॉटर पंप तपासावा, कारण एकदा इंजिन तापलं की हेडपर्यंत खर्च जातो.

टायरांबद्दल माझं मत ठाम आहे. मिनीबरोबर बहुधा रन-फ्लॅट टायर येतात. हवा गेली तरी ताशी ८०च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येतं, म्हणून डिकीत स्टेपनी नसते. पण या टायरांच्या बाजू कडक असतात. आपल्या खड्ड्यांत हादरा थेट कमरेला बसतो, अलॉय वाकतात, आणि पंक्चर काढायला बरेच जण तयार होत नाहीत. टायर झिजले की साधे चांगले टायर घालावेत, डिकीत हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चरचं किट ठेवावं. भाच्याने तेच केलं आणि गाडीचा स्वभाव निवळला. पेट्रोल पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण येतं. टाकीच्या झाकणाच्या आत आणि गाडीच्या पुस्तिकेत किती टक्क्यांची मुभा आहे ते एकदा वाचा, आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

दोन वर्षं झाली. भाच्याच्या गाडीवर या काळात बुश, बॅटरी, पुढचे ब्रेक पॅड आणि चार टायर असा खर्च झाला, आणि तो बाजूला काढलेल्या पैशांत भागला. फाइलमध्ये त्याची बिलं लागली आहेत, जुन्या मालकाच्या बिलांच्या पुढे.

तुम्हीही जुनी मिनी बघायला निघाला असाल, तर आदल्या संध्याकाळी मालकांना फोन करा आणि एवढी एकच विनंती करा: उद्या सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.