तलवार म्यानात गेल्यानंतर : ‘फ्रीरेन’चे पहिले चार भाग

आज एका जपानी ॲनिमे मालिकेबद्दल बोलायचं आहे. सगळ्या मालिकेबद्दल नाही, फक्त तिच्या पहिल्या चार भागांबद्दल. मालिकेचं नाव ‘सोसो नो फ्रीरेन’. २९ सप्टेंबर २०२३ रोजी जपानमध्ये तिचे पहिले चार भाग एकाच रात्री, दोन तास सलग दाखवले गेले. निप्पॉन टीव्हीवर शुक्रवारी रात्री जिथे सिनेमे लागतात, जिब्लीचे सिनेमे वर्षानुवर्षं जिथे लागत आले आहेत, त्या वेळेला. पुढे दर आठवड्याला एक भाग अशी ती चालली आणि मार्च २०२४मध्ये २८ भागांवर पहिला हंगाम संपला.

चार भाग एकदम का दाखवले असतील? माझा आपला अंदाज असा, की पहिला भाग एकटा दाखवला असता तर बरेच प्रेक्षक फसले असते. मी फसलोच होतो. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं बघितली आणि बंद केली. म्हटलं, यात काही घडतच नाहीये, जे घडायचं ते सगळं आधीच घडून गेलंय. वाक्य बरोबर होतं, मत चुकीचं होतं. ते कसं, एवढंच आज सांगायचं आहे.

आपल्याला या प्रकारच्या मालिकांची एक सवय लागलेली असते. ‘अटॅक ऑन टायटन’ आठवा, २०१३ची. पहिल्याच भागात तटबंदी फुटते, मुलाच्या डोळ्यांदेखत आई जाते आणि पुढे तो सूडाची शपथ घेतो. ‘डीमन स्लेअर’, २०१९. मुलगा घरी येतो तर घरातली माणसं मारलेली, आणि वाचलेली एक बहीण राक्षस झालेली. म्हणजे पहिल्या भागाचं काम काय, तर घाव घालायचा आणि हातात शस्त्र द्यायचं. मग पुढचे शंभर भाग त्या घावाचा हिशेब. यात वाईट काही नाही, मला दोन्ही मालिका आवडतात. पण आपली नजर तशी तयार होते, हे खरं.

आता ‘फ्रीरेन’ची सुरुवात बघा. एक बैलगाडीसारखी गाडी राजधानीकडे चालली आहे. गाडीत चार जण. वीर हिम्मेल, धर्मगुरू हायटर, योद्धा आयझेन आणि जादूगार फ्रीरेन. सैतानांच्या राजाला मारून ते परत येताहेत. दहा वर्षांचा प्रवास संपला आहे. लढाई आपल्याला दाखवलेली नाही. मिरवणूक होते, राजा भेटतो, रात्री उल्कावर्षाव दिसतो. तो ५० वर्षांतून एकदाच येतो. फ्रीरेन म्हणते, पुढच्या वेळी याहून चांगली जागा दाखवेन. आणि निघून जाते.

फ्रीरेन ही एल्फ आहे. हजार वर्षांहून जास्त जगलेली. तिच्या दृष्टीने दहा वर्षं म्हणजे आयुष्याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. तेव्हा ५० वर्षांनी भेटू, हे ती आपण ‘पुढच्या रविवारी भेटू’ म्हणतो तितक्या सहज म्हणते. ५० वर्षांनी ती येतेही, कारण हिम्मेलकडे ठेवायला दिलेलं एका ड्रॅगनचं शिंग तिला परत हवं असतं! शेजाऱ्याकडे पिशवी ठेवून जावं तसं ठेवलेलं. त्याने ते सांभाळलंय. आणि तो समोर येतो तो टक्कल पडलेला, पांढऱ्या दाढीचा, काठी टेकणारा म्हातारा. चौघं मिळून आठवडाभर चालत जातात, उल्कावर्षाव बघतात. थोड्याच दिवसांत हिम्मेल जातो. अंत्यविधीला लोक कुजबुजतात, की हिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. आणि मग तिला रडू फुटतं. दु:ख काय, तर दहा वर्षं बरोबर राहूनही मी या माणसाला ओळखून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

आपल्याकडे दीर्घायुष्य शापासारखं असू शकतं ही कल्पना नवी नाही. अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं. पण त्याला शाप आहे हे त्याला माहीत आहे. फ्रीरेनची गंमत, किंवा अडचण म्हणा, अशी की तिला काहीच होत नाही. तिला वेळ कळत नाही एवढंच. म्हणून मालिकेने काय केलंय, तर वेळ मोजायला एक नवं माप दिलं आहे. पडद्यावर पाटी येते : ‘वीर हिम्मेलच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी’. शक सुरू व्हावा तसं. पहिल्यांदा मला ही नुसती सोय वाटली होती. तिसऱ्या-चौथ्यांदा पाटी आली तेव्हा लक्षात आलं, की ज्या बाईला ५० वर्षं मोजावीशी वाटली नाहीत, तिच्या गोष्टीत आता एकेक वर्ष मोजलं जातंय.

पण तुम्ही म्हणाल, ही ‘ॲक्शन फँटसी’ आहे ना, मग मारामारी कुठाय? ती तिसऱ्या भागात येते, आणि माझं मत तिथे फिरलं.

८० वर्षांपूर्वी या चौघांना क्वाल नावाचा एक सैतान मारता आला नव्हता. त्यांनी त्याला दगडात बंद करून ठेवलं. (यातली बरीच नावं जर्मन आहेत. फ्रीरेन म्हणजे गोठणं, हिम्मेल म्हणजे आकाश, आयझेन म्हणजे लोखंड आणि क्वाल म्हणजे यातना. जर्मन येणाऱ्याला पात्रं आधीच अर्धी कळलेली असतात.) क्वालने झोल्ट्राक नावाची जादू शोधून काढली होती. माणसाचं चिलखत, माणसाची संरक्षक जादू, सगळं भेदून जाणारी. तिला नावच पडलं होतं ‘माणूस मारणारी जादू’. आता तो बंध सुटायला आलाय, आणि फ्रीरेन आपल्या शिष्येला, फेर्नला, घेऊन तिथे जाते.

क्वाल जागा होतो. तो झोल्ट्राक सोडतो. आणि सोळा-सतरा वर्षांची फेर्न ती सहज अडवते! तिला कळतच नाही, यात एवढं भयंकर काय आहे. ही तर साधी हल्ल्याची जादू, शिकताना सगळेच शिकतात ती.

झालं काय होतं? क्वाल बंद झाल्यावर माणसांच्या जादूगारांनी ८० वर्षं त्याच एका जादूचा अभ्यास केला. तिच्यापासून बचाव शोधला, ती स्वत: शिकले, सुधारली. जी गोष्ट मरण होती, ती अभ्यासक्रमात गेली. मला यावरून मॅग्नेट्रॉन आठवला. १९४०मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन तयार झाला, तेव्हा तो महायुद्धातल्या रडारचं मोठं गुपित होता. आज तुमच्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये मॅग्नेट्रॉनच आहे आणि त्यावर आपण कालची भाजी गरम करतो. तिथेही साधारण ८० वर्षंच.

क्वाल मूर्ख नाही, हे मला फार आवडलं. बचावाच्या जादूला ताकद खूप लागते, हे तो दोन-चार वारांत ओळखतो आणि तिथेच दाब देतो. त्याला वेळ मिळाला असता तर तो पुन्हा पुढे गेला असता. पण वेळ त्याच्याकडे नाही. फ्रीरेन उंच उडते आणि त्याचीच जादू, सुधारलेली, त्याच्यावर सोडते. संपलं. चित्रण छान आहे, पण लांबण लावलेली नाही. दिग्दर्शक केइइचिरो साइतो आणि मॅडहाउस स्टुडिओ यांना मोठी हाणामारी रंगवता आली नसती असं नाही. तिचं काम इथे तेवढंच होतं. ही लढाई बळावर ठरत नाही, कोण किती वर्षं थांबून राहिला यावर ठरते. एक झोपून राहिला, बाकीचे शिकत राहिले.

आणि त्याच गावात एक म्हातारा सांगतो, की तो बंध ठीक आहे ना हे बघायला हिम्मेल जवळजवळ दरवर्षी इथे येत असे. फ्रीरेनसाठी जी ८० वर्षं डुलकीसारखी गेली, त्यातली पन्नासेक तो वर्षाला एक फेरी घालत होता. हे वाक्य लढाईच्या इतकं जवळ ठेवलंय, की मला ती लढाईच त्याची वाटली.

मग पहिल्या भागातली मंदगती काय होती, ते उलगडतं. गोष्ट सुरू व्हायची वाट आपण बघत होतो, आणि ती तेवढ्यात चालूच होती. फेर्नचंच बघा ना. ती युद्धात आईबाप गेलेली मुलगी, हायटरने वाढवलेली. फ्रीरेन शिष्य घ्यायला तयार नसते, म्हणून हायटर तिला एक जुना ग्रंथ उलगडायला देतो आणि म्हणतो, सवड मिळाली की पोरीला थोडं शिकव. यात चारेक वर्षं जातात. ग्रंथ हे निमित्त होतं. आपण मेल्यावर पोर एकटी पडू नये, म्हणून म्हाताऱ्याने केलेली ती बेमालूम फसवणूक होती. हा पीणारा, गमत्या धर्मगुरू! मला चौघांत तोच जास्त आवडतो.

आता खटकलेलंही सांगतो. जग उसनं आहे. वीर, धर्मगुरू, योद्धा, जादूगार ही चौकडी जपानी व्हिडिओ गेम्समध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या काळापासून रुळलेली. गावं सगळी त्याच युरोपी साच्यातली. आणि एक ठरावीक चाल आत्ताच दिसू लागते : नवं गाव, छोटं काम, हिम्मेलची आठवण, फ्रीरेनला काहीतरी उमगणं. दुसऱ्या भागात त्याच्या पुतळ्याभोवती लावायला त्याच्या गावाकडची निळी फुलं ती महिनोन्महिने शोधते, तिथे ही चाल सुंदर जमली आहे. पण हीच चाल दर आठवड्याला आली तर? पहिले चार भाग बघून तरी ही शंका माझ्या मनात राहिली होती.

चौथ्या भागात नववर्षाची पहाट आहे. हिम्मेलच्या वेळी हा सूर्योदय बघायला फ्रीरेन उठलीच नव्हती. या वेळी उठते, डोळे चोळत. सूर्य उगवतो. तिला त्यात विशेष काही वाटत नाही, आणि ती तसं कबूलही करते. मग ती बाजूला बघते, तर फेर्न हसत असते.

यानंतर आयझेनची भेट होते आणि कळतं, की मृतांचे आत्मे जिथे विसावतात ती जागा उत्तरेला आहे, सैतानांच्या राजाच्या किल्ल्यापाशी. म्हणजे त्याच जुन्या रस्त्याने पुन्हा जायचं. पहिल्यांदा दहा वर्षं लागली होती. चला, प्रश्न घेऊ या.