सवलतीच्या आधी आराखडा

‘तुमच्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळेल,’ असं सांगितलं की पालकांचा जीव भांड्यात पडतो. जादा वेळ, लेखनिक या सवलती हव्यातच. पण त्या परीक्षेपुरत्या. त्याआधीच्या दहा वर्षांत या मुलाला काय, कोणी आणि कसं शिकवायचं? हे ज्यात लिहिलेलं असतं, तो वैयक्तिक शिक्षण आराखडा.

अमेरिकेत १९७५च्या कायद्याने प्रत्येक अपंग विद्यार्थ्यासाठी असा लेखी आराखडा बंधनकारक केला आणि तो ठरवताना आईवडिलांनाही बैठकीत जागा दिली. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी गरजेप्रमाणे आधार द्यावा, अध्ययन अक्षमता लवकर ओळखावी आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावं, अशी अपेक्षा आहे. आराखडाच नसेल, तर लक्ष कशावर ठेवणार?

विशेष शिक्षिका म्हणून मी असे अनेक आराखडे पाहिले. ‘वाचन सुधारणे’ एवढंच लिहिलेला आराखडा कपाटात राहतो. समजा, तिसरीतल्या एका मुलीला सुटी अक्षरं येतात, पण शब्द वाचताना ती अडखळते. तिच्या आराखड्यात आधी आज तिला काय येतं ते लिहावं. मग उद्दिष्ट : दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती जोडाक्षरं नसलेली पाच वाक्यांची गोष्ट वाचेल, चुका तीनपेक्षा जास्त नसतील. त्यासाठी रोज वीस मिनिटं कोण बसणार, शब्दपट्ट्या कोण करणार, घरी आईने किंवा आजोबांनी काय करायचं, हेही लिहावं. आणि तपासणीची तारीख घालावी.

त्या तारखेला उद्दिष्ट गाठलं गेलं नाही, तर? आपल्याकडे लगेच ‘तिला जमतच नाही’ असा शिक्का बसतो. खरं तर तेव्हा बदलायला हवी शिकवण्याची पद्धत. कदाचित पायरी मोठी झाली असेल, कदाचित वेळ कमी पडला असेल. आराखडा मुलाची परीक्षा घेत नाही. आपण मोठ्यांनी ठरवलेलं केलं की नाही, ते दाखवतो.

म्हणून पुढच्या पालकसभेला प्रगतिपुस्तकाबरोबर आराखडाही मागा. नसेल, तर वर्गशिक्षकांसोबत बसून एकाच उद्दिष्टाने सुरुवात करा. त्याला वहीचं एक पान पुरतं.