हिरोशिमा टोयो कार्प

जपानमधील हिरोशिमा शहराचा व्यावसायिक बेसबॉल संघ. स्थापना १९४९. जपानमधील व्यावसायिक बेसबॉलची सेंट्रल लीग आणि पॅसिफिक लीग अशी दोन मंडळे असून प्रत्येकात सहा संघ आहेत. दोन्ही मंडळांच्या प्रतिनिधी संघांत ‘जपान मालिका’ होऊन राष्ट्रीय विजेता ठरतो. बहुतेक संघ मोठ्या उद्योगसंस्थांच्या मालकीचे असतात. कार्प संघ मात्र नागरिकांच्या आधारावर उभा राहिला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँबने हिरोशिमा उद्ध्वस्त झाले. शहराची पुनर्रचना चालू असतानाच हा संघ स्थापन झाला व १९५० पासून सेंट्रल लीगमध्ये खेळू लागला. ‘कार्प’ हे माशाचे नाव. हिरोशिमाचा किल्ला ‘कार्प माशाचा किल्ला’ म्हणून ओळखला जातो, त्यावरून ते घेतले. पाठीशी धनिक कंपनी नसल्याने खेळाडूंचे वेतन देणेही कठीण झाले. १९५१ मध्ये संघ दुसऱ्या संघात विलीन करण्याचे घाटत होते. तेव्हा संघव्यवस्थापक इशिमोतो शुइची यांनी नागरिकांना आवाहन केले. ठिकठिकाणी साहाय्यक मंडळे निघाली. साके या मद्याची लाकडी पिंपे मैदानाच्या प्रवेशद्वाराशी ठेवण्यात आली आणि प्रेक्षक त्यांत यथाशक्ती पैसे टाकीत. अशा रीतीने संघ तगला. १९५७ मध्ये अणुबाँबच्या स्मारक-घुमटासमोर नगरपालिकेचे क्रीडागार उभे राहिले.

टोयो कोग्यो (नंतरची माझदा) ही मोटार कंपनी १९६८ मध्ये संघाची प्रमुख पुरस्कर्ती झाली व ‘टोयो’ हे नाव जोडले गेले. १९७५ मध्ये अमेरिकन व्यवस्थापक जो लुट्झ यांनी लाल टोपी रूढ केली. ते हंगामाच्या आरंभीच पद सोडून गेले. तथापि कोबा ताकेशी यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने त्याच वर्षी पहिले लीग विजेतेपद मिळविले. पुढे १९७९, १९८० व १९८४ मध्ये त्याने जपान मालिकाही जिंकली. यामामोतो कोजी (५३६ होमरन) आणि सलग २,२१५ सामने खेळलेले किनुगासा साचिओ हे या काळातील श्रेष्ठ खेळाडू होत.

१९९१ नंतर लीग विजेतेपदासाठी संघाला पंचवीस वर्षे वाट पाहावी लागली. २०१६ ते २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याने ते मिळविले. २००९ मध्ये संघ नव्या क्रीडागारात गेला. त्याच्या उभारणीसाठीही नागरिकांनी पूर्वीप्रमाणेच पिंपांतून निधी जमविला होता.