वाराबी आणि मूठभर राख

वसंत लागला की जपानमध्ये डोंगरउतारांवर आणि रानाच्या कडेला एका नेच्याचे कोंब वर येतात. ही वाराबी. पानं उलगडायच्या आत ती खुडायची असते. पण कच्ची खाल्ली तर कडू, शिवाय घातकही.

म्हणून आधी राख. पसरट भांड्यात कोंब मांडायचे, वर लाकडाची राख भुरभुरायची, उकळतं पाणी ओतायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी गढूळ झालेलं पाणी फेकून कोंब धुवायचे, पुन्हा स्वच्छ पाण्यात बुडवायचे. मग सोया सॉस, किसलेलं आलं, सुक्या बोनिटो माशाचा कीस. आपण अळू खाजू नये म्हणून त्यात चिंच घालतो. इथे आंबटाऐवजी क्षार, एवढाच फरक.

हा नेचा चरणाऱ्या गुरांच्या लघवीतून रक्त जातं, मूत्राशयात गाठी होतात, हे पशुवैद्यांना ठाऊक होतंच. 1970च्या सुमारास जपानी संशोधक इवाओ हिरोनो आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. कच्च्या वाराबीने आतड्यात आणि मूत्राशयात गाठी झाल्या; राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यातून काढलेल्या वाराबीने त्या खूपच कमी प्रमाणात झाल्या. 1983मध्ये गुन्हेगार हाती लागला: टाक्विलोसाइड. क्षारात त्याच्यातला साखरेचा तुकडा गळतो आणि तीन कार्बनांचं ताणलेलं कडं असलेला, अतिशय चपळ रेणू उरतो. शरीरात हाच डीएनएला जाऊन चिकटतो. भांड्यात मात्र त्याला पाणी भेटतं, कडं सुटतं आणि निरुपद्रवी टेरोसिन उरतं. म्हणजे विषाचा बार शरीराबाहेरच उडवून टाकायचा!

राख वापरणाऱ्या आजीबाईंना कर्करोगाचं ज्ञान होतं, असं म्हणण्यात मात्र अर्थ नाही. त्यांना कडूपणा घालवायचा होता. विष सोबत गेलं. तेही सगळं जात नाही, म्हणून वाराबी रोज खायची भाजी नव्हे.

कोरियात हाच नेचा 'गोसारी'. तो उकडून वाळवतात, लागेल तेव्हा भिजवून पुन्हा शिजवतात. बिबिंबाप या भाताच्या पदार्थात तो असतो आणि पूर्वजांच्या श्राद्धाच्या ताटातही.

जपानमध्ये वाराबीची जमिनीखालची खोडं कुटून, पाण्यात गाळून पिठूळ सत्त्व काढतात, त्याची वाराबी-मोची ही मिठाई. सत्त्व निघतं फार थोडं, त्यामुळे बाजारातली बहुतेक वाराबी-मोची आता रताळ्याच्या स्टार्चची असते. गाळून उरलेल्या चोथ्याच्या धाग्यांचा पूर्वी काळपट दोर वळत. तो पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून बागांतली बांबूची कुंपणं त्याने बांधत.