सुरतेचा हिवाळा आणि ब्रेकचे आवाज

सुरतेत बर्फ पडत नाही. जानेवारीत पहाटेचा पारा साधारण 15 अंशांच्या आसपास असतो. पण तापीकाठची, समुद्राजवळची हवा दमट. उघड्यावर उभ्या गाडीवर दव पडते आणि डिस्कवर रात्रीतून गंजाचा पातळ थर चढतो.

• सकाळची खरखर : पहिले काही ब्रेक दाबताच थांबली, तर गंज पुसला गेला. दुरुस्ती नको.

• दिवसभर बारीक किंचाळणे : पॅड झिजल्याची खूण असू शकते. अनेक पॅडवर धातूची छोटी पट्टी असते; अस्तर 2–3 मिमी उरले की ती डिस्कला घासून वाजते. नवे अस्तर साधारण 10 मिमी. धूळ किंवा गुळगुळीत झालेले पॅड हीसुद्धा कारणे असतात, म्हणून चाक काढून जाडी पाहावीच.

• जाड घरघर, धातूवर धातू : अस्तर संपले. गाडी चालवू नये.

• निघताना ‘टक्’ : हँडब्रेक ओढून ठेवल्याने लायनर ड्रमला चिकटतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

• जोरात ब्रेक मारल्यावर पेडलखाली थरथर, कटकट : एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, काम करते आहे. एप्रिल 2019 पासून भारतात नव्या मोटारींना ते सक्तीचे आहे.

डुमसच्या किनाऱ्यावरून आल्यावर चाके गोड्या पाण्याने धुवावीत; खारी वाळू गंज वाढवते. धुळ्याकडे जाताना कोंडाईबारी घाट लागतो. घरघर सुरू असेल, तर घाटाकडे निघूच नये; आधी मेकॅनिकला बोलवावे.