मोटारींच्या शर्यतीतील शिस्त

मोटारींच्या शर्यतीचे नाव काढताच आमच्या वर्गातील मुलांचे डोळे चमकतात आणि त्यांच्या पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. दोहोंचे कारण एकच, ते म्हणजे वेग. परंतु या खेळात वेगाखेरीज आणखी काय असते, हे बहुधा मुलांस ठाऊक नसते आणि पालकांसही नसते. ते थोडक्यात सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या उपनगराचा या खेळाशी जुना संबंध आहे. अंधेरीपासून हाकेच्या अंतरावर असलेला जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे याच ठिकाणी उतरले. पुढे महायुद्धानंतर मोठी विमाने सांताक्रूझला उतरू लागली, आणि १९५० व १९६० च्या दशकांत जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत असत. शर्यतीस विमानतळच का निवडावा? तेथील जमीन सपाट असते, पट्टी रुंद असते, नजर दूरवर पोचते, आणि मुख्य म्हणजे तेथे वाटसरू नसतो. इंग्लंडातील सिल्व्हरस्टोन हीसुद्धा युद्धकाळातील विमानांचीच जागा. तेथे १९४८ साली ग्रां प्री शर्यत झाली. मद्रासजवळील शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरही पुढे अनेक वर्षे शर्यती चालल्या.

आज जुहूहून हेलिकॉप्टरे व लहान विमाने उडतात. शर्यतीची हौस असलेल्या मुंबईकरास आता सुमारे १३०० किलोमीटर दूर, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे जावे लागते. तेथे १९९० साली खास शर्यतीसाठी बांधलेला मार्ग खुला झाला. त्याचा एक फेरा सुमारे ३.७ किलोमीटरांचा आहे. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी नोकरी सांभाळून वर्षातून एकदोन वेळा तेथे जातो. त्याने आम्हांस आपल्या दोन दिवसांची हकीकत सांगितली, ती ऐकून आमचे पुष्कळ गैरसमज दूर झाले.

शनिवारी सकाळी प्रथम कागदपत्रे तपासतात. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया या संस्थेचा परवाना नसेल, तर स्पर्धकास मार्गावर पाऊल टाकता येत नाही. मग गाडीची तपासणी होते. ब्रेक, टायर, पट्टे, अग्निशामक नळकांडे, शिरस्त्राण, आगीस दाद न देणारा पोशाख, सर्व काही पाहिले जाते. कोठे तेल गळत असेल किंवा एखादी तार सैल असेल, तर गाडी परत पाठवतात. तेथे कोणाची रदबदली चालत नाही. त्यानंतर सर्व चालकांस एकत्र बसवून नियम समजावून देतात. मग सराव होतो. सरावानंतरच्या फेऱ्यांची वेळ घड्याळाने मोजली जाते, आणि ज्याची एक फेरी सर्वांत जलद, तो रविवारी पुढे उभा राहतो. इतक्या खटाटोपानंतर प्रत्यक्ष शर्यत कित्येकदा अर्धा तासही चालत नाही!

मार्गावर हुकूम चालतो तो निशाणांचा. पिवळे निशाण दिसले की पुढे धोका आहे असे समजावे, वेग कमी करावा आणि कोणासही मागे टाकू नये. तांबडे निशाण म्हणजे शर्यत थांबली. निळे निशाण म्हणजे मागून अधिक वेगवान गाडी येत आहे. काळे निशाण आपल्या क्रमांकासह दाखविले, तर निमूटपणे बाहेर यावे. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे निशाण हे शेवटचे.

आता वळणाची गोष्ट. नवखा चालक सरळ रस्त्यावर शौर्य दाखवितो. जाणता चालक वळणावर वेळ वाचवितो. वळणापूर्वी तो बाहेरच्या कडेस असतो, मध्यावर आतल्या कडेस स्पर्श करतो आणि पुन्हा बाहेर येतो, जेणेकरून वळण कमी तीव्र होते. ब्रेक मात्र वळण येण्यापूर्वीच, गाडी सरळ असताना लावावयाचा. याचे कारण असे की, टायरची रस्त्यावरील पकड ही बेताच्या पगारासारखी आहे. ती सारी वेग कमी करण्यात खर्चिली, तर वळण्यासाठी काही उरत नाही, आणि गाडी घसरते.

वेगाचे गणितही मुलांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतील ऊर्जा चौपट होते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लावल्यापासून सुमारे २० मीटरांत थांबते. ताशी १२० किलोमीटर वेग असेल, तर सुमारे ८० मीटर लागतात. त्यात, धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा एक सेकंद मिळवा. म्हणजे पहिल्या वेळी एकूण ३७ मीटर, दुसऱ्या वेळी ११३!

हे गणित आम्हांस तरुणपणी कोणी सांगितले नव्हते, असे नाही. आम्ही ते मनावर घेतले नव्हते. महाविद्यालयात असताना एका रात्री आम्ही मित्राच्या मोटारसायकलीवर मागे बसून बोरिवलीकडे निघालो होतो. शेजारून दुसरी मोटारसायकल आली आणि दोघांची चढाओढ लागली. वाटेत एक बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडीत होती. मित्राने कशीबशी गाडी वळवली; आम्ही दोघे पडलो, हातपाय सोलवटले. ती बाई काही बोलली नाही. मुलास पोटाशी धरून ती नुसती उभी राहिली. तिचा चेहरा आम्हांस आजही आठवतो. आम्ही हौस म्हणून खेळत होतो. मात्र डाव लागला होता तिच्या मुलाचा, आणि तिला कोणी विचारले नव्हते.

शर्यतीचा मार्ग आणि रस्ता यांतील खरा भेद हाच होय. मार्गावर प्रत्येकाने धोका जाणूनबुजून पत्करलेला असतो. रस्त्यावर तो दुसऱ्यावर लादला जातो. म्हणूनच सरकारच्या लेखी परवानगीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. पालकांनीही एक गोष्ट जाणून असावी. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुलाच्या हट्टापुढे किल्ली देणारा हात प्रेमाचा असेल, परंतु तो शहाणा नव्हे.

आमच्या त्या माजी विद्यार्थ्यास आम्ही विचारले, “शर्यतीमुळे तुझ्यात काय फरक पडला?” तो हसून म्हणाला, “सर, आता एस. व्ही. रोडवर मी सर्वांच्या मागे असतो.”

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही दहावीच्या मुलांस घेऊन शाळेच्या मैदानात फीत व खडू घेऊन गेलो. एका टोकापासून मोजून ३७ मीटरांवर पहिली रेघ ओढली. दुसरी रेघ ओढण्यास मैदान पुरले नाही. ती फाटकाबाहेर, जेथून आमची लहान मुले शाळेत येतात, त्या रस्त्यावर पडली असती. मुले बराच वेळ त्या फाटकाकडे पाहत उभी होती.